मुंबईची हवा आणि पालिकेची तिजोरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता प्रश्न विचारायला पुन्हा नगरसेवक आहेत, स्थायी समिती आहे, प्रभाग समित्या आहेत. हवेबद्दल आणि पैशांबद्दल लोक सोसायटीच्या सभेत, चाळीच्या ओट्यावर, वॉर्ड ऑफिसच्या रांगेत जे विचारतात, त्याची उत्तरे इथे दिली आहेत. आकडे बहुतेक २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातले आहेत, कारण तो प्रशासकानेच मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. त्यावर सभागृहात एक शब्दही बोलला गेला नाही.

मुंबई महापालिका देशातली सर्वांत श्रीमंत. मग पैशांची ओढाताण कसली?

अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. गोव्यासारख्या राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा. तरी ओढाताण खरी आहे. ती कशी, हे पैसा येतो कुठून हे पाहिल्यावर कळते.

जुलै २०१७ पर्यंत पालिकेकडे जकात होती. नाक्यांवर रोज रोकड जमा व्हायची आणि ती पालिकेच्या हक्काची होती. वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, आणि तिच्या जागी राज्य सरकारकडून भरपाई सुरू झाली. २०२५-२६ साठी ही भरपाई सुमारे १४,३९८ कोटी धरली होती. रक्कम मोठी आहे, पण ती ठरवणारा आणि देणारा आता दुसरा आहे.

मालमत्ता कर हा पालिकेचा स्वतःचा आधार. त्यातून ५,२०० कोटींची अपेक्षा होती. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून हा कर माफ आहे. भांडवली मूल्यावर आधारलेल्या या कराची दर पाच वर्षांनी फेररचना व्हायला हवी. २०२० मध्ये कोविड आला आणि ती पुढे ढकलली गेली.

तिसरा मोठा स्रोत विकास नियोजन खात्याचा. बिल्डरला जास्तीचे चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, द्यायचे आणि त्याचे अधिमूल्य (प्रीमियम) घ्यायचे. त्यातून ९,७०० कोटी अपेक्षित होते, म्हणजे मालमत्ता कराच्या जवळजवळ दुप्पट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागेल.

आता खर्च. ७४,४२७ पैकी ४३,१६२ कोटी, म्हणजे ५८ टक्के, भांडवली कामांसाठी होते: किनारी रस्त्याचा उत्तरेकडचा टप्पा, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, सांडपाणी शुद्धीकरणाची सात केंद्रे, रस्त्यांचे काँक्रिटीकरण. हाती घेतलेल्या आणि ठरलेल्या कामांची एकूण देणी २ लाख कोटींच्या पुढे गेली आहेत. कार्यादेश निघाला की ठेकेदाराचे बिल थांबवता येत नाही. त्यामुळे हात आखडता घ्यायची वेळ आली की कात्री दुसरीकडेच लागते.

पण अर्थसंकल्प तर दरवर्षी शिलकीचा असतो ना?

असतो. २०२५-२६ मध्ये ६० कोटींची शिल्लक दाखवली होती. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा आहे आणि त्यानुसार तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही, म्हणून शिल्लक दिसतेच. तूट शोधायची असेल तर 'अंतर्गत निधीतून' असे लिहिलेली ओळ पाहा. पालिका आपल्याच राखीव निधीतून रक्कम उचलून भांडवली कामांना देते. २०२४-२५ मध्ये ही रक्कम ११ हजार कोटींच्या पुढे होती, २०२५-२६ मध्ये १६ हजार कोटींच्या पुढे. एका वर्षात झालेली ही वाढ पत्रकार परिषदेतल्या कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त सांगून जाते.

बँकेतल्या मुदत ठेवी आहेत की. त्या मोडून हवा सुधारता येणार नाही?

ठेवी काही वर्षांपूर्वी ९२ हजार कोटींच्या आसपास होत्या, २०२५ च्या सुरुवातीला सुमारे ८२ हजार कोटींवर आल्या. यातला मोठा भाग पालिकेचा मोकळा पैसा नाहीच. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, ठेकेदारांच्या अनामत रकमा अशी देणी त्यात बांधलेली आहेत.

आणि हवेसाठी ठेवी मोडायची गरजही नाही. हवेच्या कामाला एकदम मोठी थैली लागत नाही, दर महिन्याला न चुकता मिळणारा लहान पैसा लागतो. तोच आज मिळत नाही.

हवेसाठी पालिका नेमका किती खर्च करते?

पर्यावरण आणि वातावरण बदल खात्याला २०२५-२६ मध्ये सुमारे ११३ कोटी होते. एकूण अर्थसंकल्पाशी ताडून पाहिले तर शंभर रुपयांमागे पंधरा पैसे. हा आकडा नुसताच फेकणे अन्यायाचे होईल, कारण रस्ते झाडणे आणि धुणे घनकचरा खात्यात येते, विजेच्या बस बेस्ट या पालिकेच्या बससेवेकडे येतात, बांधकामांवर नजर ठेवणे वॉर्डांकडे. जून २०२४ मध्ये पालिकेने पहिला वातावरणीय अर्थसंकल्प काढला. त्यात अशा विखुरलेल्या कामांची बेरीज करून भांडवली खर्चापैकी जवळजवळ एक तृतीयांश, १०,२२४ कोटी रुपये, वातावरणाशी संबंधित असल्याचे म्हटले होते. ऑस्लो, न्यूयॉर्क आणि लंडननंतर असा हिशेब मांडणारे मुंबई हे चौथे शहर. पाऊल चांगले आहे. पण त्या बेरजेत पर्जन्य जलवाहिन्या आणि सांडपाण्याची कामेही येतात. फक्त श्वासाच्या हवेवर किती, हे सामान्य माणसाला त्यातून काढता येत नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा खर्चाच्या प्रकाराचा आहे. धूळ निर्माण करणारी कामे भांडवली खर्चात बसतात: रस्ता खोदणे, पूल, बोगदे. धूळ आवरणारी कामे महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चात बसतात: झाडूवाले, पाण्याचे टँकर, बांधकामावर जाऊन पाहणारे कनिष्ठ अभियंते, मोजणी यंत्रांची देखभाल. भांडवली कामाचे भूमिपूजन होते, पाटी लागते. महसुली कामाची कुणी पाटी लावत नाही, आणि काटकसरीची वेळ आली की रिक्त पदे रिक्तच ठेवणे सर्वांत सोपे पडते. म्हणून शहरात पाण्याचे तुषार उडवणारी यंत्रे दिसतात, पण बांधकामाच्या फाटकातून चिखलाच्या चाकांनी बाहेर पडणारा डंपर अडवायला माणूस दिसत नाही. मुंबईच्या हवेचे दुखणे मला तरी सर्वांत जास्त इथे दिसते.

केंद्राकडून पैसे येतात ना?

आले. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. आधी २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्के कमी करायचे लक्ष्य होते, नंतर ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के झाले. मुंबईसारख्या दहा लाखांवरच्या शहरांना पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून हवेसाठी वेगळा निधी मिळाला. त्या अनुदानाची मुदत मार्च २०२६ ला संपली. म्हणजे या पैशातून यंत्रे घेतली असतील तर त्यांचे इंधन, चालक आणि दुरुस्ती यांचा भार आता पालिकेच्या स्वतःच्या महसुली खात्यावर येणार. नगरसेवकांनी पहिल्याच वर्षी विचारायला हवा असा हा प्रश्न आहे.

समुद्राकाठचे शहर आहे. वारा घाण घेऊन जात नाही का?

पावसाळ्यात नेतो. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा बहुतेक दिवस चांगली असते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकवले होते ते आठवा. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो. हिवाळ्यात समुद्रावरचा वारा उशिरा सुरू होतो, त्याचा जोर कमी असतो, आणि जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकून राहते. सकाळी सात वाजता वांद्र्याच्या पुलावरून पलीकडच्या इमारती पुसट दिसतात त्या यामुळे. वारा पडला की शहर आपलीच धूळ पुन्हा पुन्हा श्वासात घेते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या ज्वालामुखीच्या राखेकडे बोट दाखवले गेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की हवा त्याच्या आधीपासूनच खराब होती. तसे हवामानालाही सगळा दोष देता येणार नाही. वारा आपल्या हातात नाही, धूळ आहे.

हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) ११० दिसला म्हणजे घाबरायचे का?

१०१ ते २०० ही 'मध्यम' श्रेणी. निरोगी माणसाला लगेच त्रास जाणवेलच असे नाही, पण दमा असलेल्यांना, लहान मुलांना आणि वयस्कांना जाणवतो. २०१ च्या पुढे 'खराब'. आपल्या देशाचे पीएम २.५ चे, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांचे, वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचे ५. म्हणून आपल्या श्रेणीत 'समाधानकारक' दिसणारी हवाही फुप्फुसांसाठी निर्धोक असतेच असे नाही.

सर्वांत जास्त दोष कुणाचा?

वजनाने मोजले तर धुळीचा: रस्त्यावरची आणि बांधकामाची. पालिकेच्या २०२३ च्या आराखड्याचा भरही त्यावरच होता. पण वजनाचा हिशेब अपुरा आहे. जाड धूळ वजनाला भारी असते. वाहनांच्या धुरातले, कचरा आणि लाकूड जळताना उठणारे, कारखान्यांच्या धुराड्यांतले कण वजनाने हलके असतात, पण ते खोल फुप्फुसात उतरतात. फक्त रस्ते धुऊन मोकळे होणाऱ्या आराखड्यावर समाधान मानू नये, ते याच कारणाने.

बांधकामांसाठी काय नियम आहेत?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने ते काढले. ७० मीटरहून उंच इमारतीच्या आणि एक एकराहून मोठ्या भूखंडाच्या भोवती किमान ३५ फूट उंच पत्र्याचे कुंपण, लहान भूखंडाला २५ फूट. इमारत हिरव्या कापडाने किंवा ज्यूटने झाकलेली हवी. राडारोडा नेणारी गाडी ताडपत्रीने झाकलेली हवी, फाटकाशी चाके धुण्याची सोय हवी, पाणी मारत राहायला हवे. हे सगळे डोळ्यांनी दिसते, त्यामुळे तक्रार करायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही. नियम मोडणाऱ्याला काम थांबवण्याची नोटीस देता येते. डिसेंबर २०२४ च्या शेवटी बोरिवली पूर्व आणि भायखळ्यात निर्देशांक २०० च्या वर गेला, तेव्हा पालिकेने तिथली सगळीच बांधकामे काही काळ बंद केली होती.

बांधकाम थांबवले तर पालिकेचेच उत्पन्न बुडणार नाही का?

वर लक्षात ठेवायला सांगितलेला ९,७०० कोटींचा आकडा इथे लागतो. पालिकेच्या उत्पन्नाचा एवढा मोठा भाग बांधकामाच्या परवानग्यांवर उभा असेल, तर त्याच बांधकामांना नोटीस देताना हात जड होणार. कुठल्या एका अधिकाऱ्याच्या हेतूचा हा प्रश्न नाही. उत्पन्न आणि नियंत्रण एकाच दारात बसवले की असेच होते.

माझे मत असे की अधिमूल्याच्या रकमेतला ठरावीक टक्का, समजा एकच टक्का, हवेच्या देखरेखीसाठी वेगळ्या शीर्षाखाली बाजूला काढावा. ९,७०० कोटींवर एक टक्का म्हणजे ९७ कोटी, जवळजवळ २०२५-२६ च्या पर्यावरण खात्याच्या तरतुदीएवढा. जास्त इमारती उठल्या की धूळ जास्त आणि तिच्यावर लक्ष ठेवायला पैसाही जास्त, असे नाते त्यातून जुळते. रस्त्यांबाबतही तसेच. सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणावर १२ हजार कोटींहून अधिक खर्च होत आहे. धूळ रोखण्याचे काम प्रत्येक निविदेत वेगळी बाब म्हणून दाखवावे आणि ते न करणाऱ्याच्या बिलातून रक्कम कापावी. यासाठी पालिकेला नवा पैसा उभारावा लागत नाही.

मुंबईने सगळे नीट केले तरी ठाण्या-भिवंडीची हवा येणारच ना?

येणार. आणि मुंबईची तिकडे जाणार. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत: बृहन्मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. त्याशिवाय बदलापूर, अंबरनाथ यांच्या नगरपालिका. भिवंडीची गोदामे, तळोजा आणि डोंबिवलीचे कारखाने, उरणच्या बंदराकडे जाणारे कंटेनर, डोंगर पोखरणाऱ्या खाणी आणि काँक्रीट मिसळण्याचे प्रकल्प या सगळ्यांचा धूर आणि धूळ एकाच हवेत मिसळतात. मुलुंडच्या नाक्यावर वारा थांबत नाही.

कारभार मात्र तुकड्या-तुकड्यांत. कारखान्यांवर अधिकार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. वाहनांचा परिवहन खात्याचा. मेट्रो आणि मोठे पूल एमएमआरडीएचे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, ज्याचा स्वतःचा अर्थसंकल्प २०२५-२६ मध्ये ४० हजार कोटींचा होता. बंदराची जमीन केंद्राची. हवा मोजण्याची केंद्रे काही मंडळाची, काही पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेची, पाच पालिकेची. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या यादीतही मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार, उल्हासनगर, बदलापूर अशी शहरे सुटी-सुटी, प्रत्येकाचा आराखडा वेगळा. भिवंडी आणि पनवेल त्या यादीत नाहीतच, आणि ट्रक तिथूनच निघतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गरीब पालिकांचा प्रश्न याहून कठीण. मुंबईला निदान ठेवी आहेत. उल्हासनगर किंवा भिवंडीसारख्या पालिकेला पगाराचा महिना गाठतानाच दम लागतो. त्यांना स्वतःच्या खर्चाने मोजणी यंत्रे आणि निरीक्षक ठेवा म्हणणे म्हणजे काहीच होऊ न देणे. प्रदेशाचा एक आराखडा हवा असेल तर प्रदेशाचा एक निधीही हवा, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा मुंबई महापालिका, एमएमआरडीए आणि राज्याचा असायला हवा. मुंबईकरांना हे पटवायला कठीण नाही. वारा तिथूनही येतो.

मग दिल्लीसारखा आयोग करावा का?

दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशासाठी २०२१ च्या कायद्याने हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग बसला. चार-पाच राज्यांना एकत्र बांधायला तो लागला. आपला सगळा प्रदेश एकाच राज्यात आहे. मंत्रालयातून एक आदेश निघाला तरी नऊ आयुक्त, मंडळ आणि एमएमआरडीए एका टेबलाशी बसू शकतात, त्यासाठी संसदेपर्यंत जावे लागत नाही. अट एवढीच की त्या समितीला अंदाजपत्रक आणि आदेशाचे बळ द्यावे. नुसत्या आढावा बैठका आपण पुष्कळ पाहिल्या आहेत.

बेकरीवाल्यांच्या मागे का लागले आहेत? पाव महाग होणार का?

जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितल्या. भट्टीचा धूर खरोखर घातक असतो, आणि तो वस्तीत, पहिल्या मजल्याच्या खिडकीत सुटतो. पण मोठ्या बिल्डरला नोटीस द्यायला वेळ घ्यायचा आणि गल्लीतल्या पाववाल्याला मुदत घालायची, यात न्याय दिसत नाही. बदलाचा खर्च लहान बेकरीला झेपत नाही. गॅसजोडणी आणि नव्या भट्टीसाठी पालिकेने किंवा राज्याने अनुदान द्यावे. ही रक्कम एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे नगण्य ठरेल.

बेस्टचा यात काय संबंध?

फार जवळचा. बस उशिरा आली किंवा आलीच नाही की माणूस दुचाकी घेतो. बेस्टच्या स्वतःच्या गाड्या वर्षानुवर्षे घटत आहेत. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले, वातानुकूलित बसचे ६ वरून १२. पालिकेने २०२५-२६ मध्ये बेस्टला १,००० कोटी दिले. तोटा भरून काढण्याचे अनुदान म्हणून याकडे पाहिले की ते कमी करावेसे वाटते. हवेवरचा खर्च म्हणून पाहिले तर याहून स्वस्त उपाय सापडणे अवघड आहे.

गोवंडी, माहुल, चेंबूरसाठी वेगळे काही आहे का?

असायला हवे. देवनारचे कचराक्षेत्र १९२७ पासूनचे आहे. २०१६ च्या जानेवारीतली तिथली आग अख्ख्या शहराने पाहिली, शेजारच्यांनी मात्र तो धूर त्याआधी आणि नंतरही सोसला. गोवंडीतच वैद्यकीय कचरा जाळण्याचा प्रकल्प, पलीकडे माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने, ट्रॉम्बेला वीजकेंद्र. जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून ज्या कुटुंबांना माहुलला नेले, त्यांना तिथली हवा जगण्यालायक नाही हे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केले आणि सरकारला त्यांना दुसरे घर द्यायला किंवा महिना १५ हजार रुपये भाडे द्यायला सांगितले.

सगळ्या वॉर्डांना सारखा निधी वाटणे दिसायला समान असते. गोवंडी-देवनारच्या एम पूर्व वॉर्डातल्या मुलाला आणि मलबार हिलच्या मुलाला सारखी हवा मिळत नसेल, तर पैसाही सारखा वाटून चालणार नाही.

कर वाढवला की प्रश्न सुटेल?

काही प्रमाणात. एप्रिल २०२५ मध्ये घरटी महिना १०० रुपयांपासून कचरा शुल्क लावायचा मसुदा आला आणि त्याला मोठा विरोध झाला. झोपडपट्ट्यांतल्या व्यावसायिक गाळ्यांना मालमत्ता कर लावून ३५० कोटी मिळवण्याचेही त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात म्हटले होते. लोक नवे पैसे द्यायला तयार होतात, पण ते कुठे गेले हे दिसल्यावर. आधी हवेचा खर्च एका वेगळ्या पुस्तिकेत, वॉर्डनिहाय आणि मराठीत छापावा. मग शुल्काची गोष्ट काढावी.

आमच्या नगरसेवकाला नेमके काय विचारू?

'हवा सुधारा' असे म्हटले की 'हो' असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. त्यापेक्षा विचारा: आपल्या वॉर्डात बांधकामे तपासायला किती अभियंते आहेत आणि किती पदे रिकामी आहेत? गेल्या हिवाळ्यात किती नोटिसा दिल्या, त्यांपैकी किती कामे खरोखर थांबली? वित्त आयोगाच्या पैशातून आलेली यंत्रे कोण चालवते आणि त्यांचा पुढचा खर्च कुठल्या शीर्षाखाली आहे? पर्यावरण खात्याला मंजूर झालेल्या रकमेपैकी किती खर्च झाली? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण मंजूर झालेले आणि खर्च झालेले यांत बरेच अंतर पडते. आयुक्त फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे ठेवतात. तुमचे पत्र डिसेंबरात पोहोचले तर उपयोग होतो, मार्चमध्ये पोहोचले तर नाही.

तक्रार कुठे करायची?

बांधकामाची धूळ, उघड्यावर जाळलेला कचरा, रस्त्यावर टाकलेला राडारोडा यांसाठी पालिकेचा १९१६ हा क्रमांक आणि तुमचे वॉर्ड ऑफिस. कारखान्याच्या धुरासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ. केंद्रीय मंडळाच्या 'समीर' ॲपवर निर्देशांकही दिसतो आणि तक्रारही नोंदवता येते. फोटो काढताना जागेची पाटी आणि प्रकल्पाच्या परवानगीचा फलक त्यात येऊ द्या. तक्रार क्रमांक लिहून ठेवा, आणि उत्तर आले नाही तर त्याच क्रमांकाचा उल्लेख करून माहितीच्या अधिकारात अर्ज करा.